पुस्तकांच्या दुकानातले गावकूस

मराठी समीक्षेने लेखकाची चिकित्सा केली, कलाकृतीची केली, क्वचित वाचकाचीही केली. पुस्तकाच्या दुकानाची चिकित्सा करण्याच्या भानगडीत मात्र ती फारशी पडली नाही. दुकान हा व्यवहाराचा भाग, आणि व्यवहार हा वाङ्मयाबाहेरचा, अशी तिची समजूत. ही समजूत ज्यांना परवडते त्यांनी ती खुशाल बाळगावी. दलित साहित्याच्या अभ्यासकाला ती परवडणारी नाही. ज्या समाजाला शब्द उच्चारण्याची, ऐकण्याची आणि साठवण्याची बंदी होती, त्या समाजाच्या दृष्टीने पुस्तक कोठे ठेवले आहे, कोणत्या उंचीवर ठेवले आहे, कोणाच्या शेजारी ठेवले आहे आणि मुळात ठेवले आहे की नाही, हे वाङ्मयीनच प्रश्न आहेत. दुकानातील फळी ही समीक्षकच असते. ती परिच्छेद लिहीत नाही. पण कोणते पुस्तक साहित्य आहे, कोणते समाजशास्त्र आहे आणि कोणते केवळ जयंतीचे सामान आहे, याचा निवाडा ती रोज देत असते.

अलीकडे शहरी मराठी लेखनात पुस्तकांच्या दुकानांवरील लेखांना बहर आला आहे. एकटे निघावे, शहरातील चार ‘स्वतंत्र’ दुकाने पालथी घालावीत, जुन्या कागदाच्या वासाविषयी लिहावे, मालकाशी झालेल्या गप्पा सांगाव्यात आणि संध्याकाळी पिशवीभर पुस्तके घेऊन परतावे, असा या लेखांचा साचा. त्यांत लबाडी नसते. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की दुकान आपलेच आहे, आपण आत शिरलो की फळ्या आपल्याशी बोलतील. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आजोबांपासून चालत आले, त्यांचे हे गृहीत खरेही असेल. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात पहिले छापील पुस्तक शाळेचे, दुसरे बुद्धवंदनेचे. असा वाचक दुकानात शिरला म्हणजे काय होते, हे त्या लेखांत सापडत नाही.

वाचकांच्या बाजूने ते पाहावे म्हणून एका शनिवारी मी वलगावहून अमरावतीला गेले. अंतर नऊ-दहा किलोमीटरचे. परतवाड्याकडून येणारी एस.टी. भरलेली, म्हणून सीटच्या ऑटोने निघाले. काम दुहेरी होते. आमच्या महाविद्यालयातील एम.ए.ची एक विद्यार्थिनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर लघुप्रबंध लिहीत आहे. तिला कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), मुक्ता सर्वगौड यांचे ‘मिटलेली कवाडे’ (१९८३), शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (दोन्ही १९८६) अशी चार पुस्तके हवी होती. दोन रविवार फिरून ती रिकाम्या हाताने परतली होती. “मॅडम, कोनापाशीच नाई,” एवढेच तिने सांगितले. दुसरे काम माझे स्वतःचे. फळ्या वाचायच्या, पुस्तकांसारख्या.

आता त्या ‘स्वतंत्र’ शब्दाविषयी. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बड्या कंपनीच्या साखळीत नसलेल्या दुकानाला हा शब्द लावतात. तो अर्थ घेतला तर मी पाहिलेले प्रत्येक दुकान स्वतंत्रच म्हणावे लागेल. घरचा धंदा, वडिलांनी सुरू केलेला, मुलगा गल्ल्यावर. पण जून-जुलैची पाठ्यपुस्तके, वह्या आणि गाइडे यांवर वर्षभराचे दुकान उभे असते. ग्रंथालयांच्या खरेदीचा हंगाम आला की जास्तीत जास्त सूट देणाऱ्या प्रकाशकाचा माल पुढे येतो. ज्याचे कमिशन चांगले त्याला दर्शनी काच, ज्याचे कमी त्याला तळचा कप्पा. असे दुकान कंपनीपासून स्वतंत्र असले तरी शालेय हंगामापासून, कमिशनापासून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आवडीनिवडीपासून स्वतंत्र नसते. तेव्हा दुकान कोणापासून स्वतंत्र आणि कोणासाठी स्वतंत्र, असे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

राजकमल चौकापासून मी पायी फिरले. पहिले दुकान जुने, नाव कमावलेले. आत शिरताच मालकांनी अगत्याने विचारले, “या मॅडम, रेसिपीचं नवीन आलं आहे, दाखवू?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी गिऱ्हाइकाचे वाचन केले आणि त्या वाचनाप्रमाणे फळी सुचवली, इतकेच. मी म्हटले, आत्मचरित्रे दाखवा. आत्मचरित्रांची फळी डोळ्यांच्या उंचीवर होती. तिथे नट होते, गायिका होत्या, सनदी अधिकारी होते, उद्योगपती होते, परभाषेतून आलेली क्रिकेटपटूंची चरित्रे होती. दया पवारांचे ‘बलुतं’ तिथे नव्हते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ नव्हते. ती दोन्ही पुस्तके सापडली, पण पाच पावले पलीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीच्या कप्प्यात. कप्प्यावर चिठ्ठी होती, ‘दलित / आंबेडकर’. तिथे ‘बलुतं’च्या शेजारी बाबासाहेबांचे छोटे चरित्र, त्याच्या शेजारी भारताच्या संविधानाची खिशात मावणारी प्रत आणि त्याच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’. कादंबऱ्यांच्या फळीवर ‘फकिरा’ नाही, आत्मचरित्रांच्या फळीवर ‘बलुतं’ नाही, कायद्याच्या फळीवर संविधान नाही. वाङ्मयप्रकार कोणताही असो, लेखकाचा जन्म कोठे झाला त्यावरून त्याची जागा ठरली. याला दुसरे नाव काय द्यावे?

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. ‘दलित साहित्य’ हे नाव आपणच दिले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा ते अभिमानाने घेतलेले नाव होते. पुढे बाबुराव बागूलांच्या कथेने, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) आणि नियतकालिकांतून झालेल्या वादांनी त्या नावाला धार आणली. मग दुकानदाराने तेच नाव कप्प्याला दिले तर तक्रार कशाची? शिवाय वेगळा कप्पा असल्यामुळे शोधणाऱ्याला पुस्तक लवकर सापडते, ही सोयही नाकारता येत नाही.

उत्तर असे आहे. नाव आपण घेतले ते प्रस्थापित वाङ्मयाच्या मध्यभागी उभे राहून ‘तुमचे वाङ्मय अपुरे आहे’ असे सांगण्यासाठी. ते एकूण मराठी साहित्याला विचारलेले प्रश्नचिन्ह होते. दुकानातल्या चिठ्ठीने त्या प्रश्नचिन्हाचे कुंपण केले. शोधणारा वाचक कप्प्यापर्यंत पोहोचतो हे खरे. पण विद्रोही साहित्याला केवळ शोधणारा वाचक नको असतो. न शोधणारा, नटाचे आत्मचरित्र घ्यायला आलेला वाचक त्याला हवा असतो, कारण बदलायचे आहे ते त्याला. तो त्या कप्प्यापाशी वाकत नाही. म्हणून मागणी साधी आहे. कप्पा राहू द्या, पण एक प्रत कप्प्यात आणि एक प्रत तिच्या वाङ्मयप्रकाराच्या फळीवर ठेवा. बाबासाहेबांचे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) अर्थशास्त्रात असले पाहिजे. ‘अंतःस्फोट’ आत्मचरित्रांत असले पाहिजे, स्त्रियांच्या लेखनात असले पाहिजे आणि संस्कृत शिकणाऱ्या दलित मुलीची कहाणी सांगणारे पुस्तक म्हणून शिक्षणाच्या फळीवरही शोभेल.

त्या दुकानात चारपैकी एकही पुस्तक नव्हते. स्त्रियांच्या आत्मकथनांचा तर त्या कप्प्यातही पत्ता नव्हता. म्हणजे कुंपणाच्या आतही आणखी एक कुंपण आहेच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे पुस्तक सिद्ध केले, त्याला आता साडेतीन दशके होऊन गेली. चळवळीने ज्यांची दखल उशिरा घेतली त्यांची दखल बाजार लवकर घेईल, ही अपेक्षाच चुकीची.

दुसरे दुकान स्पर्धा परीक्षांचे. मी गेले तेव्हा सर्वांत जास्त गर्दी याच दुकानात होती. पंधरा-वीस पोट्टे-पोट्टी उभ्यानेच चाळत होती. कोणी मोबाईलवर किंमत ताडून पाहत होते, कोणी दोघांत मिळून एक पुस्तक घेत होते. त्यांच्या चपला आणि दप्तरे पाहून ती कोणत्या तालुक्यांतून आली असतील हे मला सांगता आले असते. येथे बाबासाहेब पानोपानी भेटतात. महाडचा सत्याग्रह केव्हा, ‘मूकनायक’ केव्हा, पुणे करार कोणत्या वर्षी. चार पर्याय, एक बरोबर. १९२७, १९२०, १९३२.

या गर्दीकडे तुच्छतेने पाहणारे पुष्कळ आहेत. मी तसे पाहणार नाही. पहिल्या पिढीचा पदवीधर गाइड विकत घेतो तेव्हा तो घराचे छप्पर विकत घेत असतो. प्रश्न त्या मुलांचा नाही. प्रश्न हा की ज्या माणसाने शंका घेण्याची सवय लावली त्याचे या पुस्तकांत उत्तरांत रूपांतर झाले आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने का होऊ दिले नाही, याची चर्चा पर्यायांत मावत नाही. १९३६ हे वर्ष मात्र मावते. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात जर तेच भाषण पूर्ण छापलेले मिळाले असते, तर गाइड घ्यायला आलेल्या दहांतल्या एकाने तरी ते हाती घेतले असते. मी विचारले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सिलॅबसमध्ये असन तरच ठेवतो आमी. बाकीचं कोनी इचारतच नाई.” कोणी विचारत नाही म्हणून ठेवत नाही, ठेवत नाही म्हणून कोणी विचारत नाही. हे चक्र कोणीतरी एका बाजूने तोडल्याशिवाय तुटायचे नाही.

तिसरे ठिकाण जुन्या पुस्तकांचे, अर्धे रद्दीचे. तिथे मला शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा एक जुना खंड मिळाला. आतल्या पानावर एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का. गावाचे नाव मी देत नाही. मागे देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर एकही तारीख नव्हती. अनुदानातून घेतलेला खंड, कपाटात बंद राहिलेला, मग किलोच्या भावाने बाहेर पडलेला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने खेडोपाडी वाचनालये उभी राहण्याचा मार्ग केला, हे ऋण मान्य आहे. परंतु अनुदान पुस्तक कपाटापर्यंत पोहोचवते. कपाटापासून वाचकाच्या हातापर्यंतचे अंतर कोणी चालायचे? त्या गावात इंग्रजी खंड वाचणारा कोणी नव्हता, असे म्हणून सुटता येत नाही. त्या गावातून शिकून बाहेर पडलेले होतेच. ते परत वाचनालयात गेले नाहीत.

या खंडांची कथा मोठी आहे. १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी संपादनासाठी आयुष्य झिजवले. १९८७-८८ मध्ये चौथ्या खंडातील ‘रिडल्स’वरून महाराष्ट्र ढवळून निघाला, पुस्तक वाचू द्या म्हणून लाखो माणसे रस्त्यावर येण्याचा तो प्रसंग जगाच्या वाङ्मयेतिहासात विरळा. आणि त्याच महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या खंडांच्या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वृत्तपत्राने उघड केले होते ते असे: नऊ लाख प्रती छापायचे ठरले, कोट्यवधींचा कागद घेतला गेला, आणि चार वर्षांत छापून झाल्या सुमारे ३३ हजार. मोर्चा काढून आपण पुस्तकाचा मजकूर वाचवला. पुस्तक छापले जाते की नाही, छापलेले तालुक्यापर्यंत पोहोचते की नाही, याची पाळत आपण ठेवली नाही. मोर्च्याला एक दिवस पुरतो, पाळत ठेवायला वर्षे लागतात.

चौथे ठिकाण आपले. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या परिसरात १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जो ग्रंथबाजार भरतो तो मी अनेक वर्षे पाहत आले आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर तर त्याची जत्रा होते. आयाबाया भाकरीच्या फडक्यातून नोटा काढून पुस्तके घेतात. मराठी पुस्तकविक्रीचा असा सोहळा दुसऱ्या कोणत्याही समाजाने उभा केलेला मला माहीत नाही. दर्शनाला येऊन ग्रंथ घेऊन जाणारी ही यात्रा बाबासाहेबांच्या शिकवणुकीचे जिवंत स्मारक आहे. पण मी गेले तो दिवस साधा शनिवार होता. शोध घेतल्यावर एका विहाराजवळ एक छोटा ठेला मिळाला. बुद्धमूर्ती, निळे झेंडे, दिनदर्शिका, त्रिशरण-पंचशीलाच्या पुस्तिका आणि वीस-तीस रुपयांची पातळ पुस्तके. ठेलेवाले दादा प्रेमाने बोलले. “ताई, जयंतीले या. तवा सगळंच राहते.” म्हणजे आपला वाचक वर्षातून दोन-तीन दिवसांचा. उरलेले तीनशे साठ दिवस आपण त्या पहिल्या दुकानाच्या गुडघ्याएवढ्या कप्प्याच्या हवाली.

ठेल्यावरच्या पुस्तकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. समीक्षा दुसऱ्यांपुरती नसते. पाच पुस्तिका घेऊन मी बसून पाहिल्या. तिघींवर प्रकाशनवर्ष नाही. बाबासाहेबांच्या एका इंग्रजी पुस्तकाचा ‘संक्षिप्त अनुवाद’ आहे, पण अनुवादकाचे नाव नाही आणि काय वगळले याची नोंद नाही. एकीत भाषणाची तारीख एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरी. पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणारा हा माणूस. त्याच्या नावावर आपण काहीही छापतो, ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा आहे. गरीब वाचकाला स्वस्त पुस्तक हवे, हे खरे. स्वस्त कागद चालेल, साधी बांधणी चालेल. मजकूर मात्र गरिबालाही अस्सलच मिळाला पाहिजे.

पाचवे ठिकाण सांगितले नाही तर हा हिशेब खोटा ठरेल. ते म्हणजे महाविद्यालयाजवळचे झेरॉक्सचे दुकान. चारपैकी दोन पुस्तके अखेर तिथल्या फायलीत मिळाली, कोण्या जुन्या विद्यार्थ्याने ठेवून दिलेली, कडांची अक्षरे पुसट झालेली. लेखिकेला यातून छदाम जात नाही, हे अन्यायाचेच. पण पुस्तक जेव्हा कोणत्याही फळीवर नसते तेव्हा त्याला जिवंत ठेवण्याचे काम हे यंत्र करते, हेही नाकारता येत नाही. दलित स्त्रीचे आत्मकथन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे, संशोधनाच्या विषयांत आहे, चर्चासत्रांत आहे आणि दुकानात नाही. ही विसंगती कोणत्याही चर्चासत्रात मांडली जात नाही.

ही अडवणूक नवी नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून त्या सभेत सामील होण्यास नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखाला जागा नाही त्यांच्याशी आमचे जमणार नाही, असा त्याचा आशय. १९२० साली ‘मूकनायक’ निघत होते तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला. लाहोरचे भाषण रद्द झाले तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती आणि तमिळ अनुवाद निघाले. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पत्रामागून पत्र चालवले. आपल्या लेखनाला पहिल्यापासून बाजाराचा रस्ता नव्हता. त्याने स्वतःची पाऊलवाट पाडली. पुढे प्रस्थापितांतल्याही काहींनी वेगळी वाट धरली, हे नोंदवले पाहिजे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने दुकानाला वळसा घालून सभासद वाचकांपर्यंत पुस्तक नेले आणि १९७८ मध्ये ‘बलुतं’ त्याच वाटेने घरोघर गेले. पुण्यात विलास वाघ आणि उषा वाघ यांनी ‘सुगावा’ चालवून परिवर्तनवादी पुस्तकांना घर दिले. ‘बलुतं’चा गाजावाजा आपण पुस्तकाच्या गुणवत्तेचा म्हणतो, तो वितरणाच्या पद्धतीचाही विजय होता, हे मात्र विसरतो.

जगाकडे पाहिले तर हाच अनुभव. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लुईस मिशो या काळ्या माणसाने १९३० च्या दशकात पुस्तकांचे दुकान काढले. ते १९७४ पर्यंत चालले. माल्कम एक्स त्याच्या दाराशी सभा घेत. काळ्यांची अशी दुकाने पुढे गावोगाव निघाली, तेव्हा १९६८ मध्ये अमेरिकेच्या गुप्तपोलिसांनी त्यांच्यावर नजर ठेवण्याचे हुकूम काढले. पुस्तकाच्या दुकानाची ताकद सरकारला कळली होती. लंडनमध्ये जॉन ला रोझ यांनी १९६६ मध्ये ‘न्यू बीकन बुक्स’ काढले. प्रकाशन, दुकान आणि चळवळ एकाच छपराखाली. आपण पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतले. त्यांची दुकाने मात्र घेतली नाहीत. अलीकडे नागपुरात ‘पँथर्स पॉ’सारखी प्रकाशनसंस्था (२०१६) उभी राहिली, याचा आनंद आहे, पण प्रकाशनसंस्था निघणे आणि तालुक्याच्या गावी वर्षभर उघडे राहणारे दुकान निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाबासाहेब स्वतः न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोट मारून सुमारे दोन हजार पुस्तके जमवत होते, ही कथा आपण भाषणांत सांगतो. ती कथा त्यागाची म्हणून सांगतो. तिची दुसरी बाजू अशी की त्या परक्या शहरात एका गरीब विद्यार्थ्याला हवे ते पुस्तक जुने का होईना पण मिळत होते. आमच्या दर्यापूर-चांदूरबाजारच्या मुलीने पोट मारले तरी ते मिळत नाही. याच अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. देवळाच्या दारात जात विचारली जात होती. पुस्तकाच्या दारात ती कोणी विचारत नाही; मला त्या दिवशी कोणी विचारली नाही. पण फळीने ती स्वतःहून सांगितली.

म्हणून केवळ खंत पुरेशी नाही. वलगावला पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाव्या दिवशी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांना अक्षरओळख नव्हती, तरी जेवायचे ताट मोडा पण पोरांना शिकवा असे ते कीर्तनातून सांगत राहिले आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. अशा गावात पुस्तकांचे एकही दुकान नसावे, आणि तिथून दहा किलोमीटरवर विद्यापीठ असावे ज्याला बाबांचेच नाव आहे, याचा जाब आपण शिकलेल्यांनीच द्यायचा आहे.

मी मांडते तो प्रस्ताव लहान आहे. दहा नोकरदारांनी प्रत्येकी हजार रुपये काढावेत. दहा हजारांत दोनशे-अडीचशे रुपयांची चाळीसेक पुस्तके येतात. प्रकाशकाकडून थेट घेतली तर विक्रेत्याला मिळणारी सूट धरून आणखी दहा-पंधरा. निवड करताना तीन अटी असाव्यात: मजकूर पूर्ण असावा, अनुवादकाचे नाव असावे, आणि निम्मी पुस्तके बायकांनी लिहिलेली असावीत. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडावे, शेजारी स्पर्धा परीक्षेची गाइडेही ठेवावीत. ज्याला गाइड हवे त्याच्या हाताला ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लागले पाहिजे. एकरकमी पैसे नसणाऱ्यासाठी वही ठेवावी, हप्त्याने द्यावे. विकल्या गेलेल्या पैशांतून पुन्हा पुस्तके यावीत. शहरातल्या दुकानदारांकडे वर्षातून चारदा जाऊन कोणते पुस्तक ठेवले नाही त्याची यादी शांतपणे त्यांच्या हाती द्यावी आणि पाच प्रतींची आगाऊ रक्कमही द्यावी. मागणी नाही ही त्यांची सबब तेवढ्याने संपते. शिक्षकांनी आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या पुस्तकांच्या मागणीपत्रावर सही करावी. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त आठवण लागते.

हे टेबल चार महिन्यांत बंद पडेल, असे एका सहकाऱ्याने मला सांगितले. पडेलही. तरी त्या चार महिन्यांत कोणते पुस्तक किती वेळा मागितले गेले आणि कोणी मागितले याची वही आपल्यापाशी राहील. आपल्या वाचकाविषयी आजवर जे बोलले गेले ते अंदाजाने बोलले गेले; ती वही समीक्षेचे पहिले साधन ठरेल. माझ्या विद्यार्थिनीची उरलेली दोन पुस्तके मी पुण्याहून टपालाने मागवली आहेत. यादीतली पहिली दोन नावे तीच. ज्यांना या कामात हात घालायचा आहे त्यांनी आपापल्या तालुक्याची यादी करावी आणि येत्या अंकापर्यंत संपादकांकडे पाठवावी.